धुतलेली बॅटरी

पॉवर बँकेच्या छोट्या काचेवर सोळाचा आकडा दिसला, तेव्हा थोरलीला वाटलं की आपण ती उलटी धरली आहे. इंग्रजी आकड्यांतला सोळा उलटा केला की एक्याण्णव होतो, आणि एक्याण्णव असणं शक्य होतं. काल दुपारी ती बाबांकडे आली तेव्हा शंभर होते. तिनं ती विटेएवढी जड वस्तू हातात फिरवली. आता एक्याण्णव दिसले, पण वरचं कंपनीचं नाव डोक्यावर उभं राहिलं. तिनं ती पुन्हा सरळ केली. सोळा.

घड्याळात दहा वाजून चार मिनिटं झाली होती. वीज बरोबर दहाला गेली होती. गल्लीतले खांब बदलायचे होते, आणि सकाळी दहा ते संध्याकाळी पाच वीज बंद राहील असा कागद आठवडाभर आधीच प्रत्येक दारावर चिकटला होता. बाबांनी त्या कागदाचा फोटो पाठवल्यावरच थोरलीनं ही पॉवर बँक घेतली होती. खोक्यावर ठळक अक्षरांत सत्तावीस हजार असं काहीतरी लिहिलं होतं. पण थोरली मोजमापाच्या प्रयोगशाळेत थर्मामीटर तपासणारी बाई, तिनं खालच्या बारीक अक्षरांतला शंभर वॉट-तासांचा आकडा शोधला, घरी कागदावर भागाकार केला आणि मगच ती पसंत केली. लॅपटॉप आणि कॅमेरा दोन्ही मिळून तीन तास. हवे होते तेवढेच.

"बाबा, हिला कोणी हात लावला होता का?"

बाबा टेबलावर व्हिडिओ कॅसेटी मांडत होते. सात कॅसेटी, प्रत्येकीच्या पाठीवर आईच्या अक्षरात नंबर. त्यांनी मान वर केली नाही, पण आवाजात शाबासकीची वाट बघणं होतं.

"धुतली," ते म्हणाले. "काल दुपारपासून लावली होती. पार स्वच्छ धुतली."

दुसऱ्या कोणाच्या घरात हे वाक्य ऐकलं असतं तर साबण, पाणी आणि मग कपाळावर हात, असं चित्र डोळ्यांपुढे आलं असतं. थोरलीच्या डोळ्यांपुढे मात्र वेगळंच चित्र आलं. तिला नेमकं कळलं होतं काय झालं ते.

बाबा व्हिडिओ शूटिंगवाले. लग्नं, शाळांची संमेलनं, दुकानांची उद्घाटनं. खांद्यावर ठेवायचा मोठा कॅमेरा आणि त्याच्या पाठीला लागणाऱ्या चार बॅटऱ्या, ही सगळी त्यांची मिळकत. त्या काळच्या बॅटऱ्यांना एक खोड होती. अर्धी वापरून परत भरली, पुन्हा अर्धी वापरून भरली, असं चार-सहा वेळा झालं की बॅटरी त्या अर्ध्यालाच आपलं पूर्ण पोट समजायला लागायची, आणि मग ऐन समारंभात पंधरा मिनिटांत मान टाकायची. उपाय एकच. भरायच्या आधी ती पूर्ण रिकामी करायची. बाबा परत आले की चारही बॅटऱ्या फळीवर ओळीनं ठेवत आणि प्रत्येकीला गाडीच्या दिव्यातला एकेक बल्ब जोडत. उरलीसुरली वीज बल्बातून वाहून जायची. या कामाला घरात "बॅटरी धुणं" म्हणत. शब्द आईचा. कपड्यासारखाच, ती म्हणायची, मळ राहिला तर नवं घातल्याचा काय उपयोग.

थोरली आणि धाकटी त्या चार बल्बांखाली अभ्यासाला बसत. आधी पांढरा उजेड पडायचा, तासाभरानं पिवळा, मग संत्र्याच्या सालीसारखा. गणितं पांढऱ्यात करायची, पाठांतर पिवळ्यात, असा थोरलीचा हिशेब असे. बल्बाची तार लाल झाली की ओरडायचं, "लाल!" मग आई ओल्या हातानंच येऊन आधी हात पुसायची आणि ती बॅटरी सोडवायची, कारण त्यापुढे खेचली तर बॅटरी मरते. "लाल" कोणी आधी ओरडायचं यावरून बहिणींची भांडणं होत. थोरली कधीच घाईनं ओरडायची नाही. धाकटी संत्र्यालाच ओरडून मोकळी व्हायची आणि बोलणी खायची. पुढे थोरली पदार्थविज्ञान शिकली, तापलेल्या तारेचा रंग आणि तापमान यांचा संबंध फळ्यावर पाहिला, तेव्हा वर्गात एकटीच हसली होती.

"बाबा, मी काल सांगितलं होतं ना तुम्हाला, ही भरून आणली आहे म्हणून?"

"सांगितलंस की. मग मी विचारलं, धुतली होतीस का आधी? तू म्हणालीस, नाही."

थोरलीला ते आठवलं. ती वायरी सोडवत होती, दातांत एक वायर धरलेली. बाबांनी मागून काहीतरी विचारलं, आणि ती न ऐकताच "नाही" म्हणाली होती.

"मग मी म्हटलं, पोरगी कामात आहे, आपण करून टाकू," बाबा म्हणाले. "अगं, काय खाते ती! दिवा लावला, पंखा लावला, संपेचना. शेवटी शेजारच्या शिंपीणकाकूंना हाक मारली, म्हटलं घरात जे काय चार्ज करायचं असेल ते आणा. त्यांनी तिघांचे फोन आणले, जावयाचा रेडिओ आणला, दाढीचं मशीन आणलं. पहाटेला कुठे झाली बघ शून्य."

"आणि मग भरायला कोणत्या चार्जरला लावली?"

बाबांनी खिडकीशेजारच्या प्लगकडे बोट दाखवलं. तिथे त्यांच्या साध्या फोनचा काळा, अंगठ्याएवढा चार्जर होता.

थोरली खुर्चीवर बसली. पाच वॉट. सहा ते दहा, चार तास. वीस वॉट-तास, त्यात थोडी उष्णतेत गेली. सोळा टक्के. आकडा इतका बरोबर होता की त्यावर चिडायलाही जागा नव्हती. ती तरीही चिडली.

"आता असं नसतं बाबा! या बॅटऱ्यांना ती सवयच नसते. उलट शून्यावर नेलं की त्यांना त्रास होतो. मला एकदा विचारायचं तरी! एक दिवस मिळाला आपल्याला, एक, आणि तुम्ही—"

कॅसेट नंबर चार आधीच सरळ होती, ती बाबांनी पुन्हा सरळ केली.

एकच दिवस, हे खरं होतं. आईला जाऊन सहा वर्षं झाली होती आणि तिचा आवाज कुठेही नव्हता. फोनवर कोणी रेकॉर्ड करायला लागलं की ती तोंडावर पदर घेई आणि हातानं "पुरे, पुरे" करी. फोटो होते, सह्या होत्या, बॅटऱ्यांवर लिहिलेले नंबर होते. आवाज होता तो फक्त या कॅसेटींच्या सुरुवातीला. बाबा कामावर निघायच्या आधी आईला दारासमोर उभं करत. तिनं पांढरी उशीची खोळ कॅमेऱ्यापुढे धरायची, म्हणजे कॅमेऱ्याला पांढरं म्हणजे काय ते कळे, आणि आवाज येतोय का ते तपासायला कॅसेटचा नंबर, तारीख, बॅटऱ्या किती ते बोलायचं. अर्धं मिनिट. गिऱ्हाइकाला द्यायच्या कॅसेटीत हे कापलं जाई. मूळ कॅसेटीत राही. मूळ कॅसेटी शेकड्यांनी होत्या. ओलीनं आणि बुरशीनं बहुतेक खाल्ल्या. सात उरल्या.

बाबांचा कॅमेरा केव्हाच मोडीत गेला होता. या कॅसेटी चालवून लॅपटॉपवर उतरवायला तसा चालू कॅमेरा या भागात एकाकडेच होता, आणि तो म्हणजे मागच्या गल्लीतला फोटोग्राफर. बाबा त्याला वीस वर्षं "फ्लॅश" म्हणत आले होते, कारण तो म्हणे भर उन्हातही फ्लॅश मारायचा. फ्लॅश आज कायमचा आपल्या मुलीकडे राहायला निघाला होता. सामानाची गाडी एक वाजता येणार होती. सकाळी पावणेदहाला थोरली कॅमेरा आणायला गेली तेव्हा तो खोक्यांच्या मधोमध उभा राहून म्हणाला होता, "एकपर्यंत देतो. आणि गल्लीच्या बाहेर न्यायचा नाही हां. तुझ्या बापानं एकदा माझी कॅमेऱ्याची तिपाई नेली होती, ती अजून येतेच आहे."

म्हणजे दहा ते एक, याच गल्लीत, विजेशिवाय. कॅमेऱ्याची स्वतःची बॅटरी दगड झाली होती. त्याला हवे होते नऊ व्होल्ट, आणि ते देणारी वस्तू घरात ही एकच होती. शिंपीणकाकूंनी मोठ्या मनानं आपली छोटी पॉवर बँक पुढे केली, पण तिच्यातून पाचच्या वर काही निघत नव्हतं.

थोरलीनं एका पाकिटाच्या पाठीवर आकडे मांडले. कॅमेरा पंधरा वॉट. लॅपटॉप, काच अगदी मंद केली तर, अठरा. लॅपटॉपची स्वतःची बॅटरी म्हातारी, तिच्यात जेमतेम पंधरा मिनिटांचा जीव. सगळं मिळून पस्तीस मिनिटं.

"सात कॅसेटी, प्रत्येकी पाच मिनिटं," ती म्हणाली. आवाज जरा खाली आला होता. "अर्ध्याच मिनिटाचं काम आहे. पुरेल. कसंबसं, पण पुरेल."

बाबांनी एक कॅसेट उचलून खिडकीच्या उजेडात धरली. मग म्हणाले, "कॅसेटी शेवटावर आहेत."

"म्हणजे?"

"रिवाइंड केलेल्या नाहीत. शेवटपर्यंत चालवून ठेवायच्या. रिवाइंड केलेली टेप सैल-घट्ट गुंडाळली जाते, चालवलेली एकसारखी बसते. म्हणूनच तर सात टिकल्या." थोडं थांबून ते म्हणाले, "नियम होता माझा."

थोरलीनं पेन्सिल खाली ठेवली. कॅमेऱ्यात एक कॅसेट मागे न्यायला सात मिनिटं. पाच कॅसेटी मागे नेण्यातच सगळी वीज संपणार आणि एकही बघून होणार नाही. तिला हसू आलं, म्हणजे रडू येण्याच्या आधी येतं तसलं. या माणसानं आयुष्यात एकही काम निष्काळजीपणे केलं नव्हतं, आणि आज त्याची प्रत्येक काळजी आडवी येत होती.

"हातानं करता येईल," बाबा म्हणाले.

"काय?"

"रिवाइंड. हातानं. खाली दातेरी चकत्या असतात बघ दोन. पूर्वी टेप अडकली की करायचो. वेळ आहे ना आपल्याकडे? वीज नाही. वेळ आहे."

ते आत गेले आणि हातानं फिरवायचं ड्रिल घेऊन आले, सुतार वापरतात तसं, बाजूला दांडा असलेलं. त्याच्या तोंडात त्यांनी रंगाच्या जुन्या ब्रशचा दांडा अडकवला, त्यावर चिंधी गुंडाळली, चकतीत घालून पाहिली, चिंधीचा एक वेढा काढला, परत घातली. बसली.

"तू धर. खाली ते बारीक भोक आहे, त्यात काडी दाबून ठेव, नाहीतर चकती फिरत नाही. सोडलीस की टेप तुटली समज."

"किती फेरे?"

"मोजले नाहीत कधी."

थोरलीनं मोजले. पहिल्या कॅसेटीला दांड्याचे तीनशे चाळीस फेरे लागले. बाबा फिरवत होते, एका लयीत, न थांबता. टेप चकतीवर चढताना बारीक सरसर आवाज येत होता. दाराच्या चौकटीला टेकून शिंपीणकाकू बघत होत्या.

"भाऊ, लोणी निघालं की हाक मारा," त्या म्हणाल्या.

"तुमच्या जावयाची दाढी कशी झाली?" बाबांनी विचारलं.

"चकाचक. आता महिनाभर चार्ज करायला नको. थोरले, तुझे बाबा काल दारोदार फिरत होते, काही उरलंय का भरायचं, काही उरलंय का. मला वाटलं निवडणुकीला उभे राहताहेत."

थोरली हसली. बाबाही हसले, पण खाली बघून. काकू गेल्यावर बाबांनी दुसरी कॅसेट घेतली.

"तुझी आई असती," बाबा एकदम म्हणाले, "तर तिनं मला थांबवलं असतं. तिला नव्या वस्तू आधी कळायच्या. कॅमेऱ्याचं पुस्तक मी कधी वाचलं नाही. तिनं वाचलं आणि मला सांगितलं."

"मला माहीत नव्हतं."

"कोणाला माहीत असणार. बॅटरीला बल्ब लावायची अक्कलही तिची. मी नुसता फळी ठोकली." त्यांनी दांडा दुसऱ्या हातात घेतला. "लोक म्हणायचे, याच्या बॅटऱ्या कशा टिकतात हो. मी म्हणायचो, हातगुण आहे."

थोरलीचं काडी धरलेलं बोट अवघडलं होतं, पण तिनं ते हलवलं नाही. बाबा काल दुपारी एकटे या खोलीत बसून त्या परक्या, गुळगुळीत विटेला काय करायचं याचा विचार करत असतील, आणि त्यांना बायकोनं शिकवलेली एकच गोष्ट आठवली असेल, असं तिच्या मनात आलं. ती मोजत राहिली. दोनशे दहा, दोनशे अकरा.

पाचव्या नंबरची कॅसेट अर्ध्यात जड लागायला लागली. बाबांनी लगेच हात थांबवला, कॅसेट कानाशी नेली, हळूच हलवली. "चिकटली आहे. ओढली तर फाटेल." त्यांनी ती बाजूला ठेवली, पालथी, आणि सहावी घेतली. साडेबाराला पाच मिनिटं कमी असताना सहा कॅसेटी सुरुवातीला आल्या होत्या आणि बाबांचा उजवा तळवा लाल झाला होता.

थोरलीनं वायरी जोडल्या. पॉवर बँकेच्या एका तोंडातून लॅपटॉप, दुसऱ्यातून कॅमेरा. कॅमेऱ्यातून निघालेली पिवळी-पांढरी वायर टेपची फाइल करणाऱ्या एका बोटभर डबीत आणि डबी लॅपटॉपला. तिनं लॅपटॉपची काच इतकी मंद केली की बघायला डोक्यावर टॉवेल घ्यावा लागला. मग आवाज बंद केला.

"आवाज बंद?" बाबा म्हणाले.

"रेकॉर्ड होतोय. फक्त आपल्याला ऐकू येणार नाही. स्पीकर वीज खातो."

"किती खातो?"

"अर्धं मिनिट. कदाचित एक मिनिट."

बाबांनी मान डोलावली. विजेच्या बाबतीत त्यांना जास्त सांगावं लागत नसे.

पहिली कॅसेट कॅमेऱ्यानं खळ्ळकन गिळली. काचेवर आधी मुंग्या, मग एक तिरका पट्टा, मग पांढरं. नुसतं पांढरं, हलकं हलणारं. उशीची खोळ. ती खाली आली आणि वर आई होती, तिशीतली, केस घाईनं बांधलेले, कॅमेऱ्याकडे न बघता कॅमेऱ्याच्या मागे उभ्या माणसाकडे बघणारी. तिचे ओठ हलत होते. टॉवेलखाली दोघांची डोकी एकमेकांना लागली होती. कोपऱ्यातली हिरवी पट्टी वरखाली होत होती, म्हणजे काहीतरी आवाज नोंदला जात होता. तो आवाज आहे की जुन्या टेपची नुसती घरघर, हे पट्टी सांगत नाही.

"हलतेय ना?" बाबांनी विचारलं.

"हलतेय."

"तिच्या ओठांबरोबर हलतेय?"

थोरलीनं नीट पाहिलं. "सांगता येत नाही बाबा."

दुसरी. तिसरी. आकडा अकरावर आला, आणि मग एकदम सातवर; थोरलीला अशी उडी अपेक्षितच होती, खालच्या टोकाला या काचा खोटं बोलतात. तिसरीनंतर चित्र धूसर झालं. टेपचा मळ कॅमेऱ्यातल्या, टेप वाचणाऱ्या डोक्याला लागला होता. बाबांनी तिला बाजूला केलं, स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस बोटावर घेऊन आत हात घातला आणि न बघता, आंधळ्यानं चेहरा चाचपावा तसं, पुसून घेतलं. दोन मिनिटं गेली. चित्र आरशासारखं झालं.

चौथ्या कॅसेटीत आई कोणावर तरी रागावत होती. खोळ एका हातात, दुसरा हात पायांकडे दाखवत होता. बाबा टॉवेलखाली हसले.

"काय म्हणतेय?"

"चपला. फाटकी चप्पल घालून निघालो होतो. एवढंच आठवतंय, की काहीतरी बोलली आणि मी बदलायला परत आत गेलो."

पावणेएकला दाराशी सावली पडली. "झालं का?" फ्लॅश आला होता, गळ्यात मफलर, हातात कॅमेऱ्याची रिकामी पेटी. "गाडी येऊन उभी आहे. काय, टॉवेलखाली वाफ घेताय?"

"पंधरा मिनिटं आहेत अजून," टॉवेलखालून बाबा म्हणाले.

"तुझं घड्याळ नेहमीच मागे. इतक्या वर्षांत एका लग्नाला वेळेवर आला नाहीस."

"आणि तू वेळेवर जाऊन काय काढलंस? सगळी माणसं भुतासारखी पांढरी."

"काकाऽ," थोरली टॉवेल वर करून म्हणाली, "इकडे या."

फ्लॅश वाकला. सहावी कॅसेट चालू होती. खोळ खाली आली. त्यानं चष्मा कपाळावर चढवला आणि काचेच्या आणखी जवळ गेला. मग म्हणाला, "वहिनी." आणि मग, "आवाज?"

"पाचला कळेल," थोरली म्हणाली. "वीज आल्यावर."

"मी कुठे असणार पाचला." त्यानं पेटी खाली ठेवली. "घ्या. सातवी पण घ्या. गाडीवाल्याला सांगतो थांब म्हणून."

सातवी कॅसेट आत गेली तेव्हा पॉवर बँकेच्या काचेवर एक उरला होता. मुंग्या, पट्टा, पांढरं. खोळ खाली यायला लागली, आईचं कपाळ दिसलं, डोळे दिसले, आणि कॅमेऱ्यातून एक सुस्कारा निघाला. पॉवर बँकेची काच काळी झाली. लॅपटॉप स्वतःच्या जिवावर चालू होता. थोरलीनं एक क्षणही न दवडता फाइल बंद केली, जपली, पेनड्राइव्हवर दुसरी प्रत काढली आणि मगच श्वास सोडला. पंधरा मिनिटांचा म्हणवणारा लॅपटॉपही चार मिनिटांतच झोपला.

कॅसेट कॅमेऱ्यात अडकली होती. वीज नसल्यानं तो ती सोडेना. फ्लॅशनं बाबांकडे पाहिलं, बाबांनी फ्लॅशकडे. मग फ्लॅशनं खिशातून चिमट्यासारखं काहीतरी काढलं, बाजूचा एक स्क्रू फिरवला आणि दार उचकटलं.

"तू नेहमी असंच उचकटायचास," बाबा म्हणाले.

"आणि तू नेहमी बघत राहायचास." कॅसेट त्यानं बाबांच्या हातात दिली, कॅमेरा पेटीत ठेवला. दाराशी थांबून म्हणाला, "तिपाई ठेव तुझ्याकडे. मी आता कुठे उभी करणार."

गाडी गेल्याचा आवाज आला. मग गल्लीत फक्त खांब बदलणाऱ्यांच्या हाका उरल्या.

चार तास. दोघांनी जेवण केलं. थोरलीनं चिंधी सोडून ड्रिल जागेवर ठेवलं. बाबा खुर्चीत डोळे मिटून बसले होते, पण झोपले नव्हते. त्यांचा अंगठा तळव्यावर फिरत होता.

"बाबा."

"हं."

"काल तुम्ही विचारलंत तेव्हा मी ऐकलंच नव्हतं. ऐकलं असतं तर सांगितलं असतं."

"मी परत विचारायला हवं होतं," बाबा म्हणाले. "पण तू 'नाही' म्हणालीस ते इतकं तिच्यासारखं होतं. ती पण अशीच म्हणायची. दातांत काहीतरी धरून. त्यावर परत विचारायची सोय नसायची."

थोरलीला हे नवीन होतं. तिला वाटायचं आपण बाबांवर गेलो. ती आईचा आवाज आठवायचा प्रयत्न करत राहिली. शब्द आठवत होते, "लाल झाली का ग" आठवत होतं, त्या वेळचा डाळीचा वास आठवत होता. पण त्या शब्दांना आवाज नव्हता. वाचल्यासारखे आठवत होते. गेली दोन-तीन वर्षं असंच होत होतं, आणि हे तिनं कोणालाही, धाकटीलाही, सांगितलं नव्हतं.

पाच वाजून सहा मिनिटांनी छताचा पंखा हलला. थोरलीनं लॅपटॉप लावला. तो उठेपर्यंत बाबा तिच्या शेजारी येऊन बसले, केसांवरून हात फिरवून, कोणी पाहुणं येणार असल्यासारखे. तिनं पहिली फाइल उघडली. आवाज बंद केला होता तो सुरू केला, आणि काही चुकू नये म्हणून शंभरावर नेला.

आधी घरघर आली, वाळूवर वाळू ओतल्यासारखी. बाबांचा हात तिच्या मनगटावर आला. घरघरीतून एक पुरुषी आवाज ओरडला, तरुण, उतावीळ, "चालू आहे, बोल!" आणि मग बाईचा आवाज खोलीभर झाला, भिंतींवर आपटला.

"कॅसेट एक. बॅटऱ्या चार—"

बाबा दचकले. थोरलीनं चित्र थांबवलं. आवाज स्वच्छ होता, शब्द न् शब्द कळत होता, आणि तरीही कोणीतरी अनोळखी बाई दारात येऊन बोलावी तसा होता. तिनं बाबांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरही तेच होतं. दिवसभर झटून आणलेल्या माणसाची ओळख न पटावी, तसं काहीतरी.

"आवाज कमी कर," ते म्हणाले. "ती एवढ्या मोठ्यानं कधी बोलायची नाही."

थोरलीनं साठ केला. पुन्हा लावलं. कॅसेट एक.

"अजून."

चाळीस.

"अजून कमी. ती आतून बोलतेय आणि आपण बाहेर आहोत असं."

तीस. सव्वीस. पंख्याच्या आवाजात आता घरघर विरून गेली होती, आणि ऐकायला दोघांनाही पुढे वाकावं लागत होतं. थोरलीनं उठून पंखा बंद केला, परत आली, एकेक आकडा खाली नेत गेली. बाबांनी डोळे मिटले होते. एकविसावर त्यांनी हात वर केला.

"हां," ते म्हणाले. "एवढाच."

थोरलीनं डोळे मिटले आणि फाइल पहिल्यापासून लावली. बाई म्हणाली, कॅसेट एक, बॅटऱ्या चार, आणि तुम्ही पाणी प्यायलात का निघताना, आणि या वेळी त्या शब्दांना आवाज होता.